पेट घेऊ शकतो हे माहीत असूनही हातातून सुटेना: गॅलेक्सी नोट ७ चं प्रकरण

एखाद्या ब्रँडवर लोकांचा किती जीव जडलाय हे शोधायला कंपन्या सर्व्हे काढतात, दहापैकी किती मार्क द्याल असं विचारतात, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही असं माझं मत आहे, कारण फुकटात मार्क द्यायला कुणाचं काय जातं. खरी ओढ कळते ती वस्तू सोडायची वेळ आल्यावर. स्मार्टफोनच्या बाबतीत अशी वेळ एकदा आली, जगभरातल्या तीसेक लाख लोकांवर एकदमच आली, आणि तीही साधीसुधी नाही, तुमच्या हातातला फोन पेट घेऊ शकतो, तो बंद करा आणि परत द्या, असं खुद्द कंपनीच सांगत होती. २०१६ चा सॅमसंग गॅलेक्सी नोट ७. हे प्रकरण बॅटरीचं म्हणून सगळ्यांना माहितीय. मला मात्र ते वापरणाऱ्यांच्या बाजूनं मांडायचंय, कारण त्या चार-पाच महिन्यांत लोकांनी तो फोन कसा वापरला, किती चार्ज केला, कोणती अपडेट टाळली हे बघितलं की ब्रँडची ओढ फक्त दुकानात पैसे मोजताना काम करत नाही, ती रोजच्या वापरात कशी मुरलेली असते ते दिसतं.

आधी नोट म्हणजे काय होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिला गॅलेक्सी नोट २०११ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आला, ५.३ इंचाचा स्क्रीन, त्या काळी एवढा मोठा फोन बघून लोक हसले होते, हे कानाला लावून फिरायचं का म्हणून. आणि सोबत पेन, जेव्हा सगळं जग बोटानं स्क्रीन सरकवायला शिकत होतं तेव्हा. पण ज्यांना तो आवडला त्यांना तो असा आवडला की दुसरा फोन हातात धरवेना. मीटिंगमध्ये टिपणं काढणारे, चित्रं काढणारे, पीडीएफवर सही करणारे, कुठंही पटकन आकडेमोड करणारे, अशा लोकांचा एक पक्का गट तयार झाला, आणि दरवर्षी नवा नोट कधी येतो याची ते वाट बघायचे. २०१५ चा नोट ५ कंपनीनं युरोपात आणलाच नाही, त्यामुळे तिथले चाहते तर दोन वर्षं ताटकळलेले. नोट ६ असा फोनच आला नाही, नंबर गाळून थेट सात.

२ ऑगस्ट २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये नोट ७ दाखवला आणि १९ ऑगस्टला विक्री सुरू झाली. ५.७ इंचाचा दोन्ही बाजूंनी वळलेला स्क्रीन, पाण्यात चालणारा फोन आणि पाण्यातही लिहिणारं पेन, डोळ्याच्या बुबुळावरून उघडणारं लॉक, खासगी गोष्टी वेगळ्या ठेवायला सिक्युअर फोल्डर, स्क्रीन बंद असताना पेन काढून सरळ लिहायला लागायची सोय. त्या वर्षीचा सगळ्यात चांगला अँड्रॉइड फोन असं बऱ्याच परीक्षणांमध्ये लिहून आलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. फोन वाईट असता तर लोकांनी दुसऱ्याच दिवशी परत केला असता.

विक्री सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत चार्जिंगला लावलेले फोन जळाल्याच्या बातम्या यायला लागल्या. २ सप्टेंबरला सॅमसंगनं विक्री थांबवली, तोपर्यंत जगभरातून ३५ तक्रारी आल्या होत्या आणि २५ लाख फोन बदलून देण्याची घोषणा झाली. त्याच दिवशी कंपनीनं आणखी एक आकडा दिला, दहा लाख फोनमध्ये साधारण २४ फोनला हा दोष असू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा. ८ सप्टेंबरला अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं विमानात हा फोन सुरू करू नका, चार्ज करू नका असं सांगितलं. १५ सप्टेंबरला अमेरिकेतल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं रीतसर रिकॉल काढला, म्हणजे विकलेले फोन परत मागवले, एकट्या अमेरिकेतले दहा लाख फोन, आणि तोपर्यंत त्यांच्याकडे बॅटरी तापल्याच्या ९२ नोंदी, त्यातल्या २६ भाजल्याच्या आणि ५५ मालमत्तेच्या नुकसानीच्या, गाड्या जळल्या, एक गॅरेज जळलं.

मग लोकांनी काय केलं? अॅप्सच्या कामगिरीवर नजर ठेवणाऱ्या अॅप्टेलिजंट नावाच्या कंपनीनं सप्टेंबरच्या मध्यात सांगितलं की रिकॉलच्या घोषणेनंतर नोट ७ चा वापर जवळजवळ होता तेवढाच आहे. म्हणजे बातमी जगभर झाली, टीव्हीवर जळालेल्या फोनचे फोटो दिसले, आणि लोक त्याच फोनवर त्या बातम्या वाचत होते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे वेगळी काढायला हवी, नाहीतर सगळंच ओढीच्या खात्यावर टाकल्यासारखं होईल. परत न करणारे सगळे काही ब्रँडवेडे नव्हते. कुणाकडे दुसरा फोनच नव्हता, कुणाला दुकानात जायला वेळ नव्हता, कुणाला डेटा हलवायचा कंटाळा, आणि सुरुवातीला बदली फोनच पुरेसे नव्हते त्यामुळे दुकानात जाऊनही रिकाम्या हातानं यावं लागायचं. आळस, अडचण आणि ओढ या तिन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्या कधी वेगळ्या होतात, तर जेव्हा कंपनी अडचण दूर करते आणि तरीही माणूस हलत नाही. म्हणूनच मला सप्टेंबरपेक्षा त्यापुढचे महिने जास्त बोलके वाटतात.

सप्टेंबरच्या शेवटी बदली फोन यायला लागले, त्यांची ओळख म्हणजे बॅटरीचं चिन्ह पांढऱ्याऐवजी हिरवं. आणि कंपनीनं तेव्हा जाहीर केलं की फोन बदलायला येणाऱ्यांपैकी ९० टक्के लोक पुन्हा नोट ७ च मागतायत. पैसे परत मिळत होते, सॅमसंगचेच दुसरे फोन एस ७ किंवा एस ७ एज मिळत होते, दुसऱ्या कंपनीचा फोन घ्यायची मोकळीक होती, नवा आयफोन ७ नुकताच बाजारात आला होता, तरी दहातले नऊ जण त्याच मॉडेलकडे वळले. मला तरी ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. ज्या फोननं घर जळू शकतं असं सांगितलं गेलं त्याच नावाचा फोन, त्याच बांधणीचा, फक्त एका हिरव्या चिन्हाच्या भरवशावर उशाशी ठेवायची लोकांची तयारी होती.

ब्रँड अटॅचमेंटवर, म्हणजे याच ओढीवर, ज्यांनी काम केलंय त्यात पार्क, मॅकइनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० चा शोधनिबंध नेहमी सांगितला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ओढीचे दोन भाग असतात, एक म्हणजे ती वस्तू मला माझाच भाग वाटते, आणि दुसरं म्हणजे तिच्याबद्दलचे विचार-आठवणी न बोलावता सहज मनात येतात. आणि नुसतं चांगलं मत असणं आणि ओढ असणं यात फरक आहे, कारण जिथं वेळ, पैसा, स्वतःची इभ्रत असं काहीतरी पणाला लावावं लागतं अशा अवघड वागण्याचा अंदाज नुसत्या मतापेक्षा ओढीवरून चांगला बांधता येतो. नोट ७ ला हे लावून बघा. चांगलं मत असणारा माणूस रिकॉल आल्यावर म्हणतो, छान फोन होता, वाईट झालं, आणि परत करतो. ओढ असणारा माणूस म्हणतो, माझा फोन कुठं तापतोय?

हा 'माझा फोन' फार महत्त्वाचा. दहा लाखात २४ हा आकडा कंपनीनं लोकांना धीर द्यायला सांगितला होता, पण ओढ असणाऱ्यानं तो पुराव्यासारखा वापरला, म्हणजे माझा त्या २४ मधला नसणार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसंच हे, दुसऱ्याचा फोन जळाला की त्यानं भलता चार्जर लावला असेल, आणि माझा थोडा गरम झाला तर सगळेच फोन होतात गरम. बघा, माहिती दोघांनाही एकच मिळतेय पण ती वाचायची नजर ओढ ठरवतेय. म्हणून मला असं ठामपणे वाटतं की अशा वेळी इशारे वाढवून उपयोग होत नाही, कारण अडचण माहितीची नसतेच.

दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची. पेनवाल्या माणसाला एस ७ एज देऊन त्याचं समाधान होणार नव्हतं, कारण त्यात पेन नव्हतं, बुबुळाचं लॉक नव्हतं, आणि त्या वर्षी पेन असलेला दुसरा कुठलाच तोडीचा फोन बाजारात नव्हता. सॅमसंगनं आपल्याच दुसऱ्या फोनवर येणाऱ्याला अमेरिकेत १०० डॉलरपर्यंत सवलत दिली आणि दुसरीकडे जाणाऱ्याला २५ डॉलर, म्हणजे कंपनी असं धरून चालली होती की लोकांचा जीव सॅमसंग या नावावर आहे, नोट गेला तर एस घेतील. बऱ्याच जणांनी घेतलाही. पण जे शेवटपर्यंत अडून बसले त्यांचा जीव कंपनीवर नव्हता, तो नोटवर होता, आणखी नेमकं सांगायचं तर नोट वापरण्याच्या त्यांच्या स्वतःच्या पद्धतीवर होता. ग्राहकांच्या वागण्याचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलंय की वस्तू या माणसाच्या विस्तारलेल्या 'मी'चा भाग होतात. दोन-अडीच महिन्यांच्या फोनबद्दल असं कसं, असं कुणी म्हणेल. पण तो फोन दोन महिन्यांचा असला तरी पेननं लिहायची सवय २०११ पासूनची होती, नोट ७ नं फक्त ती सवय पुढं चालू ठेवली होती.

५ ऑक्टोबरला लुईव्हिलहून बाल्टिमोरला जाणाऱ्या साऊथवेस्टच्या विमानात, उड्डाणाआधीच, एका प्रवाशाच्या बदली मिळालेल्या नोट ७ मधून धूर निघाला आणि विमान रिकामं करावं लागलं. हिरव्या चिन्हाचा भरवसा तिथं संपला. १० ऑक्टोबरला कंपनीनं सगळ्यांनाच फोन बंद करा म्हणून सांगितलं, ११ ला उत्पादन कायमचं थांबवलं, १३ ला अमेरिकेतला रिकॉल वाढून १९ लाख फोनवर गेला, १५ तारखेपासून अमेरिकेत हा फोन घेऊन विमानात चढायलाच बंदी. परत पाठवण्यासाठी लोकांच्या घरी आगीला दाद न देणारं अस्तर लावलेली खोकी आणि हातमोजे पोचले, आणि पार्सल फक्त जमिनीवरून जाणार, विमानानं नाही. आता यानंतर तर कुणाला शंका राहायचं कारण नव्हतं ना? ४ नोव्हेंबरला अमेरिकेत ८५ टक्के फोन परत आले होते. ९ डिसेंबरला ९३ टक्के. आकडा चांगलाच आहे, रिकॉलच्या मानानं खूपच चांगला, पण १९ लाखाचे ७ टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या वर लोक, खोकं आणि हातमोजे मिळत असतानाही.

आणि याच काळात कंपनीनं जे केलं तो या प्रकरणाचा गाभा आहे असं मी म्हणेन. समजावून सांगणं सोडून तिनं वापरच महाग करायला घेतला, म्हणजे पैशानं महाग नाही, त्रासानं महाग. पहिल्यांदा अपडेट पाठवून बॅटरी ६० टक्क्यांच्या वर चार्ज होणार नाही असं केलं, कोरियात सप्टेंबरमध्येच आणि अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये. युरोपात ती मर्यादा पुढं ३० टक्क्यांवर आणली, कोरियात जानेवारीत १५ वर. न्यूझीलंडमध्ये १८ नोव्हेंबरपासून आणि ऑस्ट्रेलियात १५ डिसेंबरपासून या फोनचं नेटवर्कच तोडलं. आणि १९ डिसेंबरपासून अमेरिकेत चार्जिंग पूर्ण बंद करणारं अपडेट.

यावर वापरणाऱ्यांच्या बाजूनं जे झालं ते वाचताना मी थक्क झालो होतो. बॅटरी ६० टक्क्यांवर अडली तर लोकांनी दिवसातून जास्त वेळा चार्जर लावला, चार्जर खिशात घेऊन फिरले. अपडेट येणार म्हटल्यावर काहींनी अपडेट करणारं सॉफ्टवेअरच बंद पाडणारी अॅप टाकली, काहींनी फोनमध्ये जुनं फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, भरलं. म्हणजे ज्या कंपनीवर प्रेम म्हणून फोन घेतला त्याच कंपनीपासून तो फोन लपवायचा, तिच्या सर्व्हरपासून तोडायचा. साधारणपणे आपण समजतो की ब्रँडवर जीव असलेला ग्राहक कंपनीचं ऐकणारा असतो. इथं बरोबर उलटं झालं, जितकी ओढ जास्त तितकं कंपनीचं ऐकणं कमी, आणि इतक्या वर्षांत सॅमसंगनं जी माया कमावली होती तीच तिच्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाच्या आड आली. सुरक्षेची अपडेट बंद करून बँकेची कामं त्याच फोनवर करायची हा धोका तर आगीशिवायचा वेगळाच, त्याचा कुणी विचारही केला नसणार.

व्हेरायझनची भूमिका इथं सांगायलाच हवी कारण तिच्यात प्रश्नाची दुसरी बाजू आहे. अमेरिकेतल्या या मोठ्या मोबाइल कंपनीनं ९ डिसेंबरला जाहीर केलं की आम्ही हे चार्जिंग बंद करणारं अपडेट पाठवणार नाही, ऐन सुट्टीच्या प्रवासाच्या दिवसांत ज्याच्याकडे दुसरा फोन नाही त्याला घरच्यांना किंवा मदतीला फोन लावता येणार नाही म्हणून. मला ही हरकत रास्त वाटते. दूरवरून कुणाचा तरी फोन निकामी करणं ही लहान गोष्ट नाही, विकत घेतलेल्या वस्तूवर मालकी कुणाची हा प्रश्न त्यात आहेच. पुढं जानेवारीच्या सुरुवातीला व्हेरायझननंही अपडेट पाठवलं, आणि तरीही त्याच महिन्यात त्यांनीच सांगितलं की हजारो लोक अजून हा फोन वापरतायत. मग त्यांनी ठरवलं की ९११ हा आणीबाणीचा नंबर सोडून त्या फोनवरून लावलेला प्रत्येक कॉल सरळ ग्राहक सेवा केंद्रात वळवायचा, आणि ऐकलं नाही तर फोनची पूर्ण किंमत बिलात लावायची. इतकं करावं लागलं!

२३ जानेवारी २०१७ ला सोलमध्ये सॅमसंगच्या मोबाइल विभागाचे प्रमुख कोह डाँग-जिन यांनी तपासाचा निकाल सांगितला. ७०० संशोधक, दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्या, निघालं असं की दोष फोनच्या बांधणीत नव्हता, दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगवेगळे दोष होते. पहिल्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात आतला इलेक्ट्रोड दबून वाकलेला, आणि बदली फोनमधल्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण आतला पडदा भेदून शॉर्ट करत होते. तोपर्यंत विकलेल्या ३० लाख ६० हजार फोनपैकी ९६ टक्के परत आले होते. उरलेले चार टक्के, म्हणजे पुन्हा सव्वा लाखाच्या आसपासच.

आपल्याकडे हा फोन विकायला आलाच नाही. ११ ऑगस्टला दिल्लीत ५९,९०० रुपये किंमत जाहीर झाली, बुकिंग झालं, २ सप्टेंबरपासून मिळणार होता आणि त्याच दिवशी जगभर थांबला. तरी त्या काळात मुंबई-पुण्याहून विमानानं गेलेल्यांना आठवत असेल, आपल्या विमान वाहतूक नियामकानं, डीजीसीएनं, ९ सप्टेंबरला बंदी घातली आणि मग विमानात नोट ७ बंद ठेवा अशी घोषणा व्हायची, असा फोन ज्यांनी कधी हातात धरलाच नाही अशा लोकांपुढं. बुकिंग करणाऱ्यांनाही तो आवडलेलाच होता, पैसेही भरायची तयारी होती, पण त्यांच्याकडून काही काढून घ्यायची वेळच आली नाही. जाहिरात बघून वाटणारं आकर्षण आणि वापरून लागणारा जीव यातला फरक मला या दोन गटांत दिसतो, आणि मार्केटिंगवाले बहुतेक वेळा पहिलंच मोजतात.

यातून कंपन्यांनी काय घ्यायचं याबद्दल मला एकच सांगायचंय. नोट ७ च्या वेळी परत मागताना सगळा भर धोक्यावर होता, जाळ, भाजणं, बंदी, आणि बदल्यात जे मिळत होतं त्यात त्या माणसाच्या रोजच्या कामाची भरपाई नव्हती. ज्याला पेन हवंय त्याला पेनवाला फोन, मग तो जुना नोट ५ का असेना, आणि त्याच्या सगळ्या वह्या नव्या फोनवर हलवून द्यायला समोर बसलेला माणूस, एवढं पहिल्याच आठवड्यात मिळालं असतं तर शेवटचे ते लाखभर लोक बरेच कमी झाले असते असं मला मनापासून वाटतं. सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण पुढं जे झालं ते त्याच दिशेचं आहे.

७ जुलै २०१७ ला सॅमसंगनं कोरियात तेच परत आलेले आणि शिल्लक राहिलेले भाग वापरून नोट फॅन एडिशन विकायला काढला. तोच फोन, तेच पेन, फक्त बॅटरी ३५०० ऐवजी ३२०० एमएएचची आणि नवी तपासणी. किंमत ६,९९,६०० वॉन, मूळ नोट ७ तिथं ९,८८,९०० ला होता. चार लाख फोन काढले होते आणि ते खपले, त्याच देशात जिथल्या लोकांना १५ टक्क्यांवर चार्जिंग अडवून तो परत करायला लावला होता. ऑगस्टमध्ये नोट ८ आला तेव्हा पहिल्या पाच दिवसांत ४० देशांतून साधारण साडेसहा लाख बुकिंग झालं, तोपर्यंतच्या कुठल्याही नोटपेक्षा जास्त, असं कोह यांनीच सांगितलं. आणि २०२२ मध्ये कंपनीनं नोट हे नाव बंद केलं तेव्हा पेन ठेवायची खाच मात्र एस मालिकेतल्या एस २२ अल्ट्रा फोनमध्ये उचलून नेली, आणि नोटवाले तिकडं गेले.